गुंडीच्या वयाची बरणी

खणाच्या तळाशी, मोडक्या ब्रशांच्या आणि कडक झालेल्या रबरी हातमोज्यांच्या मागे ती बरणी सापडली, तेव्हा चिमटाताईला आधी स्वतःचाच राग आला. नऊ वर्षांत ती एकही नमुना विसरली नव्हती. दुसऱ्यांनी विसरलेले नमुने शोधून काढायचे आणि विसरणाऱ्यांची बिनपाण्याने करायची, यात तिचा हातखंडा होता. आणि ही बरणी तर तिच्याच अक्षरातली. चिठ्ठीवर तारीख होती, मातीचा क्रमांक होता आणि खाली बारीक अक्षरात 'शंभर घातले' असं लिहिलेलं होतं.

तारीख वाचून राग निवळला. त्या दिवशी सकाळी दहाला धाकट्या भावाचा फोन आला होता, "मुलगी झाली, आत्याबाई झालीस," आणि ती हातातलं सगळं टाकून दवाखान्याकडे पळत सुटली होती. बरणी मागाहून कुणीतरी खणात सारून दिली असणार. म्हणजे बरणी आणि भाची गुंडी एकाच दिवसाच्या. दोघींना परवाच सहा महिने पूर्ण झाले होते.

'शंभर घातले' म्हणजे विष घातलं. मातीच्या प्रयोगशाळेत हा रोज सकाळचा उद्योग. स्वच्छ माती घ्यायची, तिच्यात मोजून विष टाकायचं, ढवळायचं, अर्धा तास ठेवायचं आणि मग सॉल्व्हंटने धुऊन तेच विष परत काढायचं. शंभर घातले आणि नव्वदच्या वर परत आले, की हात आणि यंत्र दोन्ही शुद्धीवर आहेत असं समजायचं आणि दिवसभराच्या खऱ्या नमुन्यांना हात घालायचा. याला रिकव्हरी म्हणतात. चिमटाताईची रिकव्हरी त्र्याण्णवच्या खाली कधी आली नव्हती. साहेब तिचे आकडे पाहुण्यांना दाखवत, आणि ती 'त्यात काय एवढं' असा चेहरा करून मनातल्या मनात फुगत असे. लहानपणी ती पडलेलं पेन्सिलीचं टोकसुद्धा स्वयंपाकघरातल्या चिमट्याने उचलायची, म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं होतं. ते घरून प्रयोगशाळेत कसं पोचलं कुणाला ठाऊक, पण पोचलं आणि चिकटलं.

बरणी टाकून द्यायला हवी होती. पण काही वाया घालवायचं म्हटलं की तिच्या जिवावर येई. तिने थोडी माती सॉल्व्हंटने धुतली, गाळली आणि यंत्रवाल्याकडे दिली. यंत्रवाला विष मोजणाऱ्या त्या यंत्राला सासूबाई म्हणायचा.

"सासूबाई आज खुशीत आहेत," तो म्हणाला. "द्या काय द्यायचं ते."

तासाभराने त्याने कागद आणून दिला. शंभर घातले होते, आठ परत आले होते.

"झाकण सैल असेल. उडून गेलं," यंत्रवाला म्हणाला.

झाकण सैल नव्हतं. वरून चिकटपट्टीचे तीन वेढे होते, ते तिनेच सकाळी नखाने सोडवले होते. तिने उरलेल्या मातीचा दुसरा भाग धुतला. नऊ आले. तिसरा धुतला. पुन्हा आठ. मग ती स्टुलावर बसली आणि बराच वेळ बरणीकडे बघत राहिली. बरणीतली माती बरणीतल्या मातीसारखीच दिसत होती.

तिला हाताखाली घेऊन तयार करणारे एक म्हातारे मास्तर होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं होतं, "मातीला हात असतात." सगळी नवशिकी पोरं खुसखुसली होती. मास्तरांनी चिडून खुलासा केला होता: पानं, मुळं, किडे कुजून कुजून मातीत जो काळा अंश होतो, तो निर्जीव भुसा नव्हे. तो सतत काही ना काही धरायला बघत असतो. रंग करायला वापरतात त्या ॲनिलीनच्या गोतावळ्यातलं एखादं विष त्याच्या शेजारी आलं, की ते आधी नुसतं टेकतं, मग बोट धरतं आणि पुढे त्याच्याशी असा जोड बसतो की कुठं माती संपते आणि कुठं विष सुरू होतं ते सांगता येत नाही. टेकलेलं असतं ते सॉल्व्हंट सोडवून आणतो. जोडलेल्याला त्याचा हातही लागत नाही. हे तिने परीक्षेत लिहिलं होतं, गुणही मिळवले होते आणि नंतर खुशाल विसरून गेली होती.

उरलेली माती तिने कॉस्टिक सोड्याच्या जळजळीत खाऱ्या पाण्यात उकळायला ठेवली. माती हळूहळू विरघळली, पाणी काळंभोर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी निकाल दिला. आणखी एक्केचाळीस परत आले होते.

म्हणजे ते कुठं गेलेलं नव्हतं, निदान निम्मं तरी नव्हतं. सहा महिने तिथंच होतं, बरणीत, मातीच्या पोटात, आणि तीन वेळा विचारूनही मातीने ताकास तूर लागू दिली नव्हती.

आता घाबरण्यासारखं यात काय, असं कुणीही म्हणेल. यंत्रवाला म्हणालाच. "ताई, एवढ्या पांढऱ्याफटक का पडलात? एक बरणी ती काय." ती आपली रोजची वही उघडून बघत होती. रोज सकाळी अर्धा तास. विष मातीत टाकायचं, अर्ध्या तासात बाहेर काढायचं आणि 'बघा, आमची पद्धत सगळं शोधून काढते' म्हणायचं. अर्ध्या तासात कोण कुणाचा हात धरतं? ज्या जमिनींमध्ये ते विष पंचवीस-तीस वर्षं मुरलं होतं, त्या जमिनी तिने अर्ध्या तासाच्या भरवशावर पास केल्या होत्या. एक जमीन तर तिच्या अगदी चांगल्या ओळखीची होती.

बाबा रंगाच्या कारखान्यात रंगारी होते. कारखाना बंद पडला तेव्हा आवारातली जमीन विषाने माखलेली होती. कंपनीने गाड्याच्या गाड्या भरून कुजलेलं खत आणून त्या मातीत कालवलं, अख्खा हंगाम ती उलटीपालटी केली आणि दर महिन्याला नमुने प्रयोगशाळेत पाठवले. आकडा उतरत गेला. खूप, मग थोडं, मग नावापुरतं. शेवटच्या महिन्यात चिमटाताईने 'सापडले नाही' असं लिहून खाली सही केली. खतातल्या जंतूंनी विष खाल्लं, असं साहेबांनी भाषणात सांगितलं आणि टाळ्या पडल्या. काही खाल्लंही असेल. उरलेल्याला त्या खताने भरपूर नवे हात पुरवले, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पुढे त्या जमिनीच्या बत्तीस पट्ट्या पाडून जुन्या कामगारांना भाजीपाला करायला दिल्या. बाबांना फाटकाजवळची पट्टी मिळाली. तिच्या सहीच्या कागदाला त्यांनी काच लावून घेतली आणि तो स्क्रूंनी फाटकावर बसवला. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ते दाखवत. "माझ्या लेकीची सही आहे," म्हणत.

आणि त्या पट्टीतली गाजरं गुंडीचा पहिला घास होणार होती. रविवारी. बाबांनी सगळ्यांना महिनाभर आधी बजावून ठेवलं होतं. आईच्या दुधानंतर नातीच्या तोंडात पहिली वस्तू जाईल ती आजोबाच्या वाफ्यातली, विकतची नाही. आज गुरुवार होता. अजून तीन दिवस हातात आहेत, हे तिने स्वतःला दोनदा सांगितलं आणि ती साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ते वाईट नव्हते.

"पद्धत पाळली होती ना?"

"पाळली होती."

"मग आपली चूक कुठं झाली?"

"पद्धतीतच."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "एका बरणीवरून? ताई, तुम्हीच मला सांगाल की एकाने काही सिद्ध होत नाही. दहा बरण्या करा. सहा महिने ठेवा. मग बोलू."

शास्त्र म्हणून त्यांचं एक अक्षरही चूक नव्हतं. सहा महिन्यांनी गुंडी वर्षाची होणार होती.

तिच्या टेबलाखाली बाबांनी मंगळवारी पाठवलेली गाजरांची पिशवी होती. बाबा गाजरं कधी धुऊन देत नसत. मातीसकट जास्त टिकतात, असं त्यांचं म्हणणं. तिने एकेक गाजर कागदावर धरून कोरड्या ब्रशने झाडलं. चमचा-दीड चमचा माती जमली. आधी नेहमीसारखं सॉल्व्हंटने धुवायचं, मग कॉस्टिकमध्ये उकळायचं, असं तिने ठरवलं. पहिल्यात काही येणार नाही याची खात्री होती. सही केली तेव्हा आलं नव्हतं.

पहिल्यातच आलं.

यंत्राने काढलेल्या कागदावर त्या विषाचा सुळका उभा होता, बारीक पण टोकदार, बरोब्बर त्याच्या ठरलेल्या जागी. तिने तो बोटाने झाकला आणि बोट काढून पुन्हा बघितला. जे घट्ट बसलेलं असायला हवं होतं, ते सुटून मोकळं फिरत होतं. तिने गाजराची साल किसली. सालीतही होतं. सोललेल्या गाजरात कमी होतं, पण होतं.

का सुटलं? तिने चिमूटभर माती पाण्यात कालवून आंबट-खार ओळखायची कागदाची पट्टी बुडवली. पट्टी हिरवी व्हायला हवी होती. ती गडद निळी झाली. मातीत खार चढला होता, साबणाच्या पाण्यासारखा. आणि मग तिला आठवलं.

पहिल्या वर्षी बाबांची गाजरं करंगळीएवढीच झाली होती. ते तोंड पाडून मातीची पुडी घेऊन आले होते. तेव्हाही तिने पट्टीच बुडवली होती. खतामुळे माती आंबट झाली होती. "राख घाला थोडी," ती मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती. "किती?" "दोन मुठी." पण बाबांचा हात मुळात सढळ. बेकरीवाल्याच्या भट्टीतली राख ते बादलीने आणू लागले. गाजरं मनगटाएवढी झाली. गेल्या वर्षी ते कौतुकाने सांगत होते, वाफ्यातून निचरून येणारं पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी येतं, जमिनीला एवढा कस आलाय. तिनेही मान डोलावली होती. तो कस नव्हता. खारात मातीचा काळा अंशच विरघळून चालला होता, आणि त्याने धरून ठेवलेलं सगळं त्याच्याबरोबर सुटत होतं. काल तिने कॉस्टिक घालून बरणीत जे एका रात्रीत केलं, तेच बाबा राख घालून आठ वर्षं सावकाश करत होते. तिच्या सांगण्यावरून.

तिने बाबांच्या घरी फोन लावला. तो भावजयीने उचलला. मागे गुंडीचा आवाज येत होता, ताटली आपटल्याचा.

"अगं, रविवारचं ते गाजर," चिमटाताई म्हणाली, "ते द्यायचं नाही. मी येऊन सांगते का ते."

पलीकडे भावजय हसली. "ताई, तुम्हाला सांगायचं नाही असं बाबांनी बजावलंय. पण सांगते. मंगळवारपासूनच देतोय. बाबांना कुठला दम निघतोय! उकडून मऊ करून रोज तीन-चार चमचे. एवढ्या आवडीनं खाते, विचारू नका."

चिमटाताईने टेबलाची कड धरली. "तिचे ओठ बघ."

"काय?"

"ओठ बघ तिचे. रंग कसा दिसतो?"

"कसा म्हणजे, नारिंगी! आत्ताच भरवलंय."

"पुसून बघ."

"ताई, काय झालंय?"

"आधी पूस गं."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज झाला. पाणी वाहिलं, गुंडी कुरकुरली. कारखान्यात पोती उतरवणाऱ्यांचे ओठ दुपारपर्यंत निळे पडायचे, हे तिने लहानपणी बाबांच्याच तोंडून ऐकलं होतं. ते विष रक्तात गेलं की रक्त श्वास वाहून न्यायचं विसरतं. निळ्या ओठांच्या माणसाला मुकादम बाहेर झाडाखाली बसवून ठेवायचा आणि बाकीचे त्याची थट्टा करायचे. ते धट्टेकट्टे बाप्ये होते. आणि हे सहा महिन्यांचं लेकरू.

भावजय फोनवर परत आली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. "जरा काळसर वाटतायत. नाही, तसं नाही, इथं उजेड नाहीये नीट. ताई, मला काही कळत नाहीये. तुम्ही या ना."

बसला तिथून वीस मिनिटं लागतात. चिमटाताई त्या वीस मिनिटांत एकदाही बसली नाही. जागा रिकाम्या होत्या, तरी ती दाराजवळच्या दांडीला धरून उभी राहिली, जणू तिच्या उभं राहण्याने बस लवकर पोचणार होती. ती मनात आकडे मांडत होती. सालीत किती, आत किती, चार चमचे गुणिले तीन दिवस. आकडा लहान येत होता. तिने तो पुन्हा मांडला, पुन्हा लहानच आला. पण आपल्या आकड्यांवर विश्वास ठेवायची तिला आता हिंमत होत नव्हती. काल सकाळपर्यंत तेच आकडे तिला देवासारखे होते. समोरच्या बाकावरची एक बाई पोराला थोपटत होती, आणि चिमटाताई त्या परक्या पोराच्या ओठांकडे इतकं टक लावून बघत होती, की त्या बाईने त्याला पदराआड घेतलं.

घरी पोचल्यावर तिने चपलाही काढल्या नाहीत. गुंडीला उचललं, खिडकीशी नेलं आणि उजेडात धरलं. गुंडीला वाटलं खेळ चाललाय. तिने आत्याचा चष्मा ओढला. ओठांच्या कडेला गाजराचा पिवळा डाग राहिला होता. मधला भाग गुलाबी होता की जांभळट, ते चिमटाताईला सांगता येईना. नखं बघितली. एक क्षण ती निळी वाटली, दुसऱ्या क्षणी नाही. आयुष्यभर रंग बघून निकाल देणारी ही बाई, आणि आपल्याच भाचीच्या ओठांचा रंग तिला ठरवता येईना.

"काय चाललंय हे?" बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, हातात वाटी आणि चमचा. वाटीच्या तळाला नारिंगी लगदा राहिला होता.

"ती वाटी ठेवा बाबा. आधी दवाखान्यात चला. वाटेत सांगते."

ती वाटेत सगळं सांगणार होती. रिक्षात 'तुमच्या मातीत ते विष आहे' एवढंच तिने सांगितलं. भावजय रडायला लागली.

मुलांच्या डॉक्टरीणबाई शांत बाई होत्या. गुंडीच्या पायाच्या अंगठ्याला त्यांनी रक्तातला प्राणवायू मोजायची चिमटी लावली. तिचा लाल दिवा लुकलुकत राहिला. मग टाचेला सुई टोचून रक्ताचा एक थेंब त्यांनी पांढऱ्या कागदावर घेतला. चिमटाताईला ठाऊक होतं त्या काय बघतायत ते. थेंब हवेत तपकिरीच राहिला तर वाईट. लाल झाला तर बरं. गुंडी जिवाच्या आकांताने ओरडत होती, आणि सगळे त्या थेंबाकडे बघत होते.

थेंब लाल होता. हळूहळू आणखी लाल झाला.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या नळीत रक्त घेऊन आतल्या खोलीतल्या यंत्राकडे पाठवलं. अर्ध्या तासाने कागद आला. त्यांनी तो वाचला आणि हसून भावजयीपुढे धरला.

"काही सापडलं नाही," त्या म्हणाल्या.

भावजयीने गुंडीला छातीशी कवटाळलं आणि ती हसतरडत तिचे मुके घेऊ लागली. बाबांनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. खोलीत सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता, एकटी चिमटाताई सोडून. तिने कागद हातात घेतला. तेच शब्द होते. ती गेली नऊ वर्षं लिहीत होती तेच.

"डॉक्टर, कशात सापडलं नाही?" तिने विचारलं. "म्हणजे, तुम्ही नुसतं मोकळं बघितलंत, की कशाला जाऊन चिकटलेलंही?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. त्या चिडल्या नाहीत. "जे आज बघता येतं ते बघितलंय. गाजर बंद करा. दर आठवड्याला तिला घेऊन या. ओठ काळवंडले, मूल सुस्त वाटलं, तर वेळ न बघता या. याहून जास्त खात्री मी दिली तर ते खोटं ठरेल."

चिमटाताईला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. आपण एकदा तरी कागदावर एवढं लिहायला हवं होतं, असंही वाटलं.

बाहेरच्या बाकावर बाबा तिच्या शेजारी बसले. भावजय औषधांच्या खिडकीशी उभी होती. बाबा हळू आवाजात बोलू लागले.

"चिमटे, त्या पोत्यांत काय होतं ते मला माहीत होतं गं. तीस वर्षं तिथं काढली मी. माझे स्वतःचे ओठ दोनदा निळे झालेत. त्या जमिनीतलं गवताचं पातंसुद्धा मी तोंडात घातलं नसतं. तुझी सही बघितली, म्हणून खाल्लं."

तिला वाटलं होतं, ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"राखही मीच सांगितली होती," ती म्हणाली. सांगून टाकायचंच तर सगळं सांगायचं होतं. "राखेने ते सुटतंय, बाबा. राख नसती घातली, तर कदाचित मातीने आणखी शंभर वर्षं धरून ठेवलं असतं."

बाबांनी झटकन तिच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. "अगं, मी सगळ्यांना सांगितलं ते. बत्तीसच्या बत्तीस पट्ट्यांना. माझी लेक सांगते, राख घाला. बेकरीवाला आता हातगाडी भरून पाठवतो."

दोघंही उठली. भावजयीला आणि गुंडीला रिक्षात बसवून दिलं आणि ती दोघं पट्ट्यांकडे चालत निघाली. ऊन कलायला लागलं होतं. वाटेत बाबा एकदाच बोलले. बीट आणखी दहा दिवसांत काढणीला येणार होते, असं म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांच्याच लक्षात आलं.

फाटकापाशी पोचल्यावर त्यांनी आपल्या खोपटातून पेचकस आणला आणि काचेचे चारही स्क्रू काढले. इतक्या वर्षांत ते गंजले होते, एक तर निघता निघेना. कागद पिवळा पडला होता, सही मात्र अजून ठळक होती. बाबांनी तो उलटा करून तिच्या हातात दिला. मागची बाजू कोरी होती. खाली ठेवून लिहायला तिथं टेबल नव्हतं, बाक नव्हता.

"टेकव," म्हणून बाबा वाकले आणि त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवून पाठ पुढे केली.

तिने त्यांच्या पाठीवर कागद ठेवून लिहिलं. 'इथलं काहीही खाऊ नका. राख घालू नका. माती उकरू नका. आधीचा कागद चुकीचा आहे.' पेन जरा जोरात टेकलं की शर्टाखालचा मणका लागत होता. सही करताना तिने पूर्ण नाव लिहिलं. बाबा श्वास रोखून उभे होते, अक्षर हलू नये म्हणून.

काच परत बसवेपर्यंत शेजारच्या पट्टीवरच्या शिवणकामवाल्या काकू फाटकाशी आल्या. कारखान्यात त्या पोती शिवत. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या होत्या, वरून गाजरांचा पाला डोकावत होता. त्यांनी कागदाशी तोंड नेऊन एकेक शब्द ओठ हलवत वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"हे कोण म्हणतं?" त्यांनी विचारलं.

"माझी लेक," बाबा म्हणाले. "खाली सही आहे बघा तिची."

काकूंनी चिमटाताईकडे बघितलं, मग पिशव्यांकडे. "नातवंडं आलीयत माझी," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासाठीच चालवलंय हे. कालही नेलं होतं. काल खाल्लं त्याचं काय होतं गं?"

"मला माहीत नाही, काकू," चिमटाताई म्हणाली. "त्यांना घेऊन उद्या दवाखान्यात या, मी येते बरोबर. मी शोधते आहे."

काकूंनी मान हलवली. त्यांचे हात भरून आले होते, पण पिशव्या खाली मातीवर टेकवायलाही त्यांना आता धीर होत नव्हता. त्यांच्या मागून वाफ्यांच्या वाटेने आणखी दोघंतिघं येत होती, दिवसभराचं काम आटपून, प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं.

"मग हे ठेवू कुठं?" काकूंनी विचारलं.

चिमटाताईने पुढे होऊन दोन्ही पिशव्या आपल्या हातात घेतल्या.